बोलत चढायचा जिना

आमचं घर घड्याळवाल्याला द्यायचं यांनी मनाशी पक्कं केलं, हे मला कळलं तेव्हा मी गच्चीवर कोपरापर्यंत हिरव्या रंगात होते. सांगायला हे वर आलेसुद्धा नाहीत. गच्चीच्या जिन्याच्या खालच्या टोकाशी उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "अगं, घड्याळवाल्याशी फोनवर बोललो. तो इथे येईल, आपण त्याच्या खोलीत जाऊ. अदलाबदल." जणू दोन बादल्या इकडच्या तिकडे करायच्या होत्या.

मी रंगारीण आहे. लोकांच्या विटलेल्या चादरी, पडदे, नाटकवाल्यांचे अंगरखे माझ्याकडे येतात आणि नवा रंग घेऊन परत जातात. त्याला ऊन लागतं, वारा लागतो आणि लांबच लांब दोऱ्या बांधायला जागा लागते. हे सगळं आमच्या गच्चीवर आहे, आणि आमचं घर गच्चीच्या बरोबर खाली, चौथ्या मजल्यावर आहे. घड्याळवाल्याची खोली तळमजल्यावर, त्याच्या दुकानाच्या मागे. तिच्या एकुलत्या एका खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. त्या खोलीत कापड वाळायला घातलं तर वाळायच्या आधी कुजेल, आणि कापडाच्या आधी मी कुजेन.

घड्याळवाला बिचारा वाईट नाही. बारीक काट्यांवर काम करून त्याचे डोळे शिणतात, त्याला उजेड हवा होता. पण माझा उजेड कशाला?

हे सगळं सुरू झालं ते यांच्या प्रेशरवरून. हे नळवाले. नळ, पाइप, टाक्या, पंप यांत सगळा जन्म गेला. आमची ओळखच मुळी नळावरून झाली. माझ्या माहेरी यांनी नळ बसवला, तो गळायला लागला. दुरुस्त केला, पुन्हा गळला. दर खेपेला मी यांना असं फैलावर घेतलं की शेवटी घरच्यांना वाटलं, एवढं ऐकून घेणारा दुसरा मिळायचा नाही, देऊन टाका. त्यानंतर यांनी बसवलेला एकही नळ गळलेला मी पाहिला नाही. तरी तो पहिला नळ मी यांना आजतागायत ऐकवत आले, आणि हे आजतागायत गप्प बसत आले. बोलणं म्हणजे यांच्या दृष्टीने पाण्याची नासाडी. गरजेपुरतं सोडायचं आणि लगेच बंद करायचं.

ब्लडप्रेशरची गोळी यांना तशी बऱ्याच वर्षांपासून होती. सकाळी एक गोळी, चहा, आणि कामाला. कधी तक्रार नाही. मग जावयाने हौसेने घरी प्रेशर मोजायचं यंत्र आणून दिलं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, पट्टा फुगतो, आकडे दिसतात. त्यानंतर एका दुपारी मी बाजारातून परत आले, तर हे पलंगावर बसलेले. ब्लीचमधून काढलेल्या चादरीसारखा पांढरा रंग. मला रंग कळतात, पोटच आहे माझं त्यावर. असा पांढरा मी माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"काय झालं?"

"वरचा आकडा दोनशेच्या पलीकडे गेला."

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी येऊन मोजलं तर आकडा बऱ्यापैकी ठीक. "आता शांत बसलेत म्हणून," हे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, एकदा मोठ्या दवाखान्यात जाऊन सरकत्या पट्ट्यावर चालायची चाचणी करून घ्या. हे म्हणाले, "बघू." यांच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून हे हललेच नाहीत. बादली उचलायची नाही. गच्चीवर यायचं नाही. खाली उतरायचं नाही, कारण उतरलं की चढावं लागतं. कामाला आलेल्या लोकांना परत पाठवायचं. टीव्हीवर विनोदी काही लागलं तर बेताने हसायचं. मी विचारलं की एकच उत्तर, "जुनी लाइन आहे. जुन्या लाइनीला प्रेशर द्यायचं नसतं. जोड सुटतात."

मी आदळआपट केली, तर शांतपणे म्हणाले, "मला चिडवू नकोस. प्रेशर वाढतं."

म्हणजे घरातलं भांडणही बंद! बाकी सगळं सोसलं असतं मी, पण भांडण म्हणजे आमच्या घरातला करमणुकीचा कार्यक्रम होता. मी एकटी बोलायची आणि हे ऐकायचे, तरी दोघांचं मन रमायचं.

आणि आता ही अदलाबदल. शनिवारी संध्याकाळी घड्याळवाला पक्कं विचारायला येणार होता. मी हिरवे हात तसेच घेऊन खाली आले. अंगाचा तिळपापड झाला होता, पण चिडायची सोय नाही. ओठ दातांखाली घट्ट धरले आणि म्हटलं, "माझी एक अट आहे. तो यायच्या आधी ती चाचणी करायची. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला जिना बंद, तर माझी पातेली मी स्वतः डोक्यावर घेऊन खाली उतरवीन. एक अक्षर बोलणार नाही."

"एक अक्षर?" यांना ते खरं वाटेना.

"एकसुद्धा."

हे लगेच तयार झाले. स्वतःच्या म्हणण्यावर यांचा इतका विश्वास होता. आणि त्याचीच मला धास्ती वाटली. रागाच्या भरात मी माझी गच्ची एका यंत्राच्या तोंडी दिली होती. त्या यंत्राने यांचीच बाजू घेतली तर गच्ची जाणार, हे तर होतंच. पण गच्ची जाईल म्हणजे यांना खरंच काहीतरी झालंय, हेही त्यातच आलं. ती भीती मी कुणाला सांगितली नाही, गच्चीवरच्या दोऱ्यांनासुद्धा नाही.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. उतरताना हे प्रत्येक मजल्यावर थांबले, कठड्याला धरून, काचेचं सामान उतरवावं तसे. माझ्या मनात आलं, हाच माणूस पाठीवर पाइपांची मोळी घेऊन या जिन्याने चढायचा.

दवाखान्यातली ती खोली लहानशी होती. मधोमध चालायचा पट्टा, समोर पडदा, भिंतीला टेकून एक खाट. डॉक्टर कोपऱ्यात पडद्याकडे तोंड करून बसलेले, आणि सगळं काम करणारी एक मुलगी. पायात पळायचे बूट, केस वर बांधलेले, बोलणं भराभर. तिने यांच्या छातीवर वायरी चिकटवल्या, दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, "काका, नुसतं चालायचं. हळूहळू चढ वाढेल, वेग वाढेल. दुखलं, गरगरलं, काही वाटलं की सांगायचं. काकू, तुम्ही बाहेर बसा."

यांनी माझा हात सोडलाच नाही. मुलीने आमच्या हातांकडे बघितलं आणि माझ्यासाठी एक स्टूल ओढलं.

पट्टा सुरू झाला. हे चालायला लागले, आधी भीत भीत, मग बरे. पट्ट्याचं नाक हळूच वर झालं. दंडावरचा पट्टा फुगला, सुटला, आणि पडद्यावर नवा आकडा आला. हे सगळीकडे बघत होते, पण लक्ष तिथेच होतं.

"वाढला!" हे ओरडले. "बंद करा! लाइन फुटेल!"

"छातीत दुखतंय?" मुलीने विचारलं.

"नाही."

"गरगरतंय? श्वास पुरत नाही?"

"नाही."

"मग काय होतंय, काका?"

"आकडा वाढलाय!"

"आकडा दुखत नसतो," ती म्हणाली. "थांबायचं तर आत्ता थांबवते, ते तुमच्या हातात आहे. पण हा वाढायलाच हवा. चालताना हा वाढला नसता, तर मी घाबरले असते."

डॉक्टर मान न वळवता म्हणाले, "एकदम छान चाललंय."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी जीभ दातांखाली धरली. एक अक्षर बोलणार नाही म्हटलं होतं ना! पण हात जोडायला अक्षर लागत नाही, ते मी जोडले.

हे चालत राहिले. पडद्याकडे पुन्हा बघितलं आणि कपाळाला आठी पडली. ती आठी मी ओळखते. कुठल्यातरी घरात पाणी का येत नाही हे शोधताना ती पडते. आठी पडली की यांना बाकी कशाचं भान राहत नाही, भीतीचंसुद्धा.

"वरचा चढला," हे म्हणाले, "मग खालचा का नाही चढला?"

"कारण वाट मोकळी झाली," मुलगी म्हणाली. "हृदय आता जास्त जोराने रक्त ढकलतंय, म्हणून वरचा आकडा चढला. पण ज्या पायांनी तुम्ही चालताय, त्यांच्यातल्या बारीक नळ्या सैल पडून रुंद झाल्यात. रक्त धडाधड तिकडे जातंय, म्हणून खालचा होता तिथेच."

"पाइप रुंद होतो?" यांचं पाऊल चुकता चुकता राहिलं. "आपोआप?"

"काका, तुमच्या आतले पाइप लोखंडाचे नाहीत."

"आणि एवढं सगळं पायांत गेलं, तर बाकीच्यांचं काय?"

"पोटाला आत्ता फारसं काम नाही, तर तिकडच्या नळ्या आवळल्या जातात. तिकडचा वाटा पायांना."

"आवळतं कोण? माणूस ठेवलाय का कॉक फिरवायला?"

मुलगी हसली. आकडे बघत, बटणं दाबत तिने यांना सगळं सांगितलं. मानेतल्या मोठ्या नळीत अशी जागा असते की तिला दाब कळतो, आणि ती सारखी मेंदूला कळवत राहते. मेंदू हृदयाला आणि नळ्यांना हुकूम सोडतो. शिवाय काम करणारा स्नायू हुकमाची वाट न बघता आपल्यापुरत्या नळ्या स्वतःच उघडून घेतो.

"म्हणजे ज्याला हवं, तो स्वतः उघडतो," हे धापा टाकत म्हणाले. "आणि सगळ्यात वरचा मजला? डोकं? खालच्यांनी एवढं उघडलं की वरच्याकडे थेंब येत नाही. सगळ्या इमारतींत हेच भांडण."

"डोक्याचा वाटा डोक्याला मिळतोच."

"सगळ्यांना पुरतं?"

"पुरतं."

यांचं तोंड उघडंच राहिलं. या माणसाने जन्मभर लोकांची पाण्यावरून भांडणं ऐकली. खालचे वरच्यांना शिव्या देतात, वरचे खालच्यांना, आणि सगळे मिळून नळवाल्याला. आणि स्वतःच्याच अंगात अशी लाइन निघाली की कुणाची तक्रार नाही! हे हसायला लागले. पट्टा चढावर, छातीवर वायरी, अंगाला घाम, आणि हे खो खो हसतायत. किती दिवसांनी ऐकलं मी ते हसणं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी हिरवट नखांनी पुसलं.

तेवढ्यात यांच्या मानेवर रंग चढताना दिसला. आधी कानांच्या पाळ्या, मग गाल, मग कपाळ. कच्च्या कापडाला पातेल्यात पहिला लाल चढावा तसा. माझं 'एक अक्षर' तिथेच संपलं.

"अगं, हे लाल व्हायला लागले!"

"व्हायलाच हवेत, काकू. चालून आत ऊब साठते. ती बाहेर टाकायला रक्त कातडीपर्यंत येतं. घामही त्यासाठीच. हा चांगला लाल आहे."

चांगला लाल. मला माझ्या धंद्यातले लाल सगळे ठाऊक होते, हा एक राहिला होता.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "झालं, काका. आता वेग कमी करतेय, पण चालत राहा. एकदम थांबू नका." पण हे कसले ऐकतायत! पट्टा जरा मंदावला आणि हे टुणकन खाली उतरले, मला काहीतरी सांगायला. दोन पावलं टाकली आणि झोकांडी गेली. तोंडावरचा लाल भराभर उतरला. पण त्या मुलीने यांना एका हाताने धरून खाटेवर आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, आणि मीही दुसऱ्या बाजूने धरलं होतं, असं मला नंतर सांगण्यात आलं. डॉक्टर उठून आले, नाडी बघितली आणि शांतपणे म्हणाले, "रंग येईल आत्ता."

खरंच आला. मी डोळे लावून बसले होते, रंग परत गालांवर आला.

"चालताना पोटऱ्या दाबल्या जातात, सुटतात, आणि रक्त वर ढकलतात," मुलगी दरडावून म्हणाली. "तुम्ही एकदम उभे राहिलात. नळ्या अजून उघड्या, आणि पोटऱ्यांचं ढकलणं बंद. रक्त खाली राहिलं. म्हणून हळूहळू थांबायचं असतं."

"खालचा पंप एकदम बंद केला मी," हे आडवे पडल्या पडल्या म्हणाले. "चूक माझी."

यांच्या तोंडून 'चूक माझी' मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या मुलीला मी तेव्हाच मनातल्या मनात लेक मानली.

डॉक्टरांनी सगळं बघितलं. हृदय ठणठणीत. प्रेशर जसं चढायला हवं तसं चढलं, उतरायला हवं तसं उतरलं. "मग घरी दोनशेच्या वर गेलं ते कसं?" त्यांनी विचारलं. "मोजताना काय करत होतात?"

हे छताकडे बघायला लागले.

"अहो, सांगा की!"

"टेस्ट घेत होतो," हे पुटपुटले.

"कसली टेस्ट?"

मग हळूहळू बाहेर आलं. नवी लाइन टाकली की नळवाले तिची परीक्षा घेतात. पाणी भरून दाब देतात, रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि काटा बघत बसतात. लाइन टिकली तर पास. नवं यंत्र हातात आल्यावर यांना वाटलं, आपलीही घ्यावी. म्हणून गच्चीवरच्या टाकीपाशी गेले. तिथे एक गंजून बसलेला नट होता, वर्षानुवर्षं न हललेला. डाव्या दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं, आणि दोन्ही हातांनी पाना धरून, दात खाऊन, श्वास कोंडून त्या नटावर सगळी ताकद लावली. पट्टा फुगून सुटेपर्यंत.

ती मुलगी हसत हसत खाटेच्या कडेवर बसली. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"काका," ती म्हणाली, "मोजताना हात सैल ठेवून गप्प बसायचं असतं. तुम्ही ज्या हाताने झटापट करत होतात त्यालाच पट्टा! यंत्र बिचारं गोंधळलं असेल. आणि श्वास कोंडून असा जोर लावला की प्रेशर खरंच भलतं चढतं. आवळून धरलेला स्नायू आपल्याच नळ्या चेपून टाकतो, छातीतही दाब भरतो. चालण्यात असं होत नाही. तिथे स्नायू आवळतो आणि सोडतो."

"नट सुटला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," हे खिन्नपणे म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. या एका नटापायी माझी गच्ची जाणार होती!

डॉक्टर मग गंभीर झाले. गोळी चालूच ठेवायची. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, गंजलेले नट दुसऱ्या कुणाला द्यायचे. आणि रोज चालायचं. "चालून झाल्यावर काही तास प्रेशर उलट थोडं खालीच राहतं," ते म्हणाले.

हे ताडकन उठून बसले. "चालल्यावर उतरतं? आणि मी उतरवायला म्हणून बसून होतो?"

"जिना?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा विचारलं. "डॉक्टर, जिना चढायचा का यांनी?"

"चढायचा. सावकाश. सोपा नियम सांगतो, बोलत बोलत चढता आलं पाहिजे. बोलता आलं नाही तर वेग कमी करायचा. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही."

"अहो डॉक्टर," मी म्हटलं, "हे बोलतच नाहीत."

"मग शिकतील," डॉक्टर म्हणाले.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. जिन्याच्या तोंडाशी हे उभे राहिले, कठड्यावर हात ठेवून वर बघत. यांनी अजून घड्याळवाल्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि मी विचारलं नव्हतं. जिना मोकळा झाला म्हणजे यांच्या मनातून घर बदलायचं गेलं असं थोडंच?

"बोला," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही. पाइपांचं बोला."

आणि हे बोलायला लागले. पहिल्या मजल्यापर्यंत भिंतीतली लाइन कुठून कुठे जाते ते झालं. तिथल्या शिंपिणीच्या मोरीतला व्हॉल्व्ह उलटा बसवलाय तो कुणी बसवला, त्याच्या अकलेबद्दल दोन वाक्यं झाली. दुसऱ्या मजल्यापर्यंत टाकीचा तरंगता चेंडू कसा काम करतो ते झालं. यांच्या पोटात एवढं बोलणं साठलेलं असेल याची मला कल्पनाच नव्हती. मध्येच गप्प झाले तर मी पाठीत बोट खुपसत होते, की पुन्हा सुरू.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाइप संपले. हे थांबले.

"बोला, बोला. श्वास कोंडू नका."

"मला फुटायची भीती नव्हती," हे म्हणाले.

मला वाटलं, अजून लाइनीचंच चाललंय.

"त्या दिवशी टाकीपाशी बसलो होतो," पायरी चढत हे म्हणाले. "आकडा बघितला. वाटलं, मी इथे आडवा झालो तर ही मला खाली कशी नेणार? एवढे मजले. मला सोडून मदतीला तू खाली पळाली नसतीस, मी ओळखतो ना तुला. तिथेच बसून मला शिव्या घालत बसली असतीस. म्हणून म्हटलं, तळमजला बरा. दाराशी रस्ता. तुला धावावं लागणार नाही. तुझी गच्ची जाईल याचं वाईट वाटत होतं. रोज वाटत होतं. पण सांगायचं कसं ते येत नव्हतं."

मी यांच्या मागून चढत होते ते बरं. तोंड दिसत नव्हतं माझं. इतके दिवस मी मनात धरून होते की या माणसाला माझ्या दोऱ्यांची, माझ्या उन्हाची काही किंमत नाही. राग राग केला होता मी. तो सगळा राग गळून गेला, आणि त्याच्या जागी इतकं प्रेम दाटून आलं की माझंच पाऊल अडखळलं.

"बोला," मी कशीबशी म्हणाले. "अजून एक मजला आहे."

"आता काय राहिलं?" हे विचारात पडले. मग म्हणाले, "तो नळ."

"कुठला नळ?"

"तुझ्या घरचा. पहिला. मी बसवायला आलो तेव्हा तू दार उघडलंस. कोपरापर्यंत हात निळे. मला वाटलं, हिला थंडी वाजतेय, कुणी शाल का देत नाही? मग कळलं रंग आहे. पण तोवर माझं काम चुकलं होतं. म्हणजे पहिल्या खेपेला चुकलं."

"आणि पुढच्या खेपांना?"

"पुढच्या खेपांना मी मुद्दाम फाटका वॉशर घातला," हे शांतपणे म्हणाले. "पुन्हा यायला मिळावं म्हणून."

मी जिन्यात उभीच राहिले. ज्या नळावरून मी या माणसाला जन्मभर बोलले, पाहुण्यांसमोर, लेकीसमोर, जावयासमोर! आणि याने चूं केली नाही.

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"तू चांगली ओरडायचीस," हे म्हणाले. "ऐकायला बरं वाटायचं."

वरून कुणीतरी खाकरलं. बघितलं तर घड्याळवाला आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसलेला. सगळं ऐकलं होतं त्याने, तोंडावरून कळत होतं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही इतकं बोलता हे ठाऊकच नव्हतं."

"मलाही नव्हतं," हे म्हणाले. शेवटची पायरी चढून कठड्याला टेकले. दम होता, पण बोलण्यापुरता होता. "घड्याळवाले, माफ करा. घर द्यायचं नाही. हिची गच्ची आहे."

एवढं सरळ! मी ऐकतच राहिले. घड्याळवाल्याचा चेहरा जरा पडला. मला त्याचं वाईट वाटलं, आनंदात असलं की वाईटही चटकन वाटतं. मी म्हटलं, "भाऊजी, गच्चीवर टाकीशेजारी छपराची खोली आहे. सामान काढून देते. सकाळचं ऊन थेट टेबलावर येईल. बारीक कामं तिथे करा. उजेड काय माझ्या एकटीचा आहे?"

"खरंच, वहिनी?" त्याने जिन्याकडे बघितलं. "पण एवढे मजले..."

"बोलत चढा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

आणि मग हे माझ्याकडे वळले. नीट, निरखून बघायला लागले, कपाळाला ती आठी घालून. असं यांनी माझ्याकडे केव्हा बघितलं होतं? त्या पहिल्या दारातच बहुतेक.

"घड्याळवाले, हिचं तोंड बघा," हे म्हणाले. "ही रोज या जिन्याने ओली कापडं घेऊन चढते. हिला दम लागत नाही, घाम येत नाही. मग ही एवढी लाल कशाने झाली?"

"गप्प बसा हो!" मी म्हटलं आणि पदराने गाल झाकले.

"डॉक्टरांनी बोलायला सांगितलंय," हे म्हणाले, आणि माझ्या दोऱ्या बघायला गच्चीचा जिना चढायला लागले.